आठ संघांत आपला कुठे?

एग्मोरच्या मेयर राधाकृष्णन स्टेडियमवरून जाताना मला खडकीच आठवते. धनराज पिल्ले तिथला. घर तमिळ, वळण मराठी. प्रीमियर हॉकी लीगमध्ये तो मराठा वॉरियर्सकडून खेळला. २०१२च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स थेट अंतिम सामन्यात! त्या दोन्ही लीग बुडाल्या. हॉकी इंडिया लीग मात्र २०१७नंतर थांबून २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ. त्यात तमिळनाडू ड्रॅगन्स आहे, महाराष्ट्राचा एकही नाही. पैसा नाही म्हणू नका, मुंबईचे उद्योगपती क्रिकेटचे संघ घेतातच. मैदान म्हणाल तर पिंपरीत ध्यानचंदांच्या नावाचं स्टेडियम आहे. नाही ती इच्छा. तोवर आम्ही मराठी जवान टीव्हीसमोर ड्रॅगन्ससाठी ओरडतो. इथलं मीठ खातोय ना!