नकाराच्या पत्रावरची तारीख

करमाळ्याच्या कोर्टाबाहेर माझं टेबल आहे. तिथं येणारे कागद वर्षानुवर्षं ठरलेले: सातबारा, वाटणीपत्र, बांधाचा वाद, पोटगी, न वटलेला चेक. अलीकडं त्यांत एक नवा कागद आला आहे. तो मोबाईलवर असतो, इंग्रजीत असतो आणि दाखवणाऱ्या बापाला त्यातलं एवढंच कळलेलं असतं की पोराला व्हिसा नाही.

वांगी, कंदर, केत्तूर, चिखलठाण, पाण्यापलीकडची कळाशी, पळसदेव, खाली टेंभुर्णी. उजनी धरणाच्या फुगवट्यानं या गावांच्या जुन्या जमिनी नेल्या आणि उरलेल्या जमिनींना पाणी दिलं. त्या पाण्यावर ऊस आला, मग केळी आली. कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातली केळी कंटेनरमधून आखाती देशांत जातात. त्याच पैशावर पोरं इंजिनिअर झाली, फार्मसी झाली, मुली नर्सिंगला गेल्या, आणि आता कॅनडा, जर्मनी, इंग्लंडच्या गोष्टी पारावर चालतात. जाऊ देत. माझी तक्रार वेगळी आहे. या भागात ‘अमक्या एजंटाला भेट’ असं सांगणारे पन्नास जण सापडतील, ‘कागद आधी वकिलाला दाखव’ म्हणणारा शोधावा लागतो. आणि वकील फुकट मिळण्याची सोय तर कायद्यानं तालुक्याच्या कोर्टातच करून ठेवलेली आहे.

मुदत चुकली की काय होतं, हे खरं तर धरणग्रस्तांना कुणी शिकवायला नको. उजनीत जमिनी गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं. मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली अर्ज करायचा. निवाड्याला हजर असलेल्याला त्यासाठी सहा आठवडे. शिवाय पैसे उचलताना आपली हरकत नोंदवून ठेवायची. ती न नोंदवता पैसे घेतले की वाढीव मोबदला मागायचा हक्कच संपला. ज्याच्या ओळखीत वकील होता त्यानं हरकत नोंदवली, कोर्टात गेला आणि वाढवून घेतलं. बाकीच्यांनी अंगठा केला. आमच्या घरातला अंगठा माझ्या आजोबांचा. ते कधी सरकारवर चिडले नाहीत, पण शेजाऱ्याला वाढीव रक्कम मिळाल्याचं शेवटपर्यंत सांगत.

आता नातवांची पाळी आहे. कॅनडाबाहेरून केलेला अर्ज नाकारला गेला तर तिथल्या फेडरल कोर्टाकडं दाद मागायच्या परवानगीसाठी ६० दिवस असतात. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा बाहेरून मागितला आणि नाकारला, तर निर्णयाची फेरतपासणी मागायला २८ दिवस. जर्मनीच्या वकिलातीकडं पूर्वी साधं फेरविचाराचं पत्र देता यायचं. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा, तेही साधारण महिन्याच्या आत. अमेरिकेच्या विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसाचा जो नेहमीचा नकार असतो, ‘तुम्ही परत जाल अशी खात्री पटत नाही’ म्हणणारा, त्यावर अपीलच नाही. परिस्थिती बदलली असेल तर नवा अर्ज. म्हणजे देशागणिक वाट निराळी आणि घड्याळही निराळं.

मध्यंतरी भीमेकाठचे एक गृहस्थ असंच पत्र घेऊन आले. पोराचा कॅनडाचा अर्ज. पत्रावरची तारीख पाहिली तर ६० दिवस कधीच उलटून गेले होते. एवढे दिवस काय केलंत, विचारलं. म्हणाले, “वकीलसाहेब, आमाला तर काल कळलं.” कारण साधं होतं. अर्ज पोराच्या नावानं, ईमेल एजंटानं काढलेला, पासवर्ड एजंटाकडं. नकार एजंटाला आला. नकार सांगितला की पैसे परत मागणार, म्हणून तो ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत राहिला. शेवटी सांगितलं तेही कसं? “पुन्हा फाईल लावू, फी तेवढी भरा.” कोर्टाचा मार्ग होता हे त्यानं शब्दानंही सांगितलं नाही. त्याला ते माहीत नसण्याचीही शक्यता आहे, आणि ते जास्त भीतीदायक आहे.

मग आम्ही पत्र वाचलं. अधिकाऱ्याचा मुख्य आक्षेप पैशावर होता. खात्यात वर्षभर शुकशुकाट आणि मधेच दोन मोठ्या रकमा. आयकराचं रिटर्न नाही. तिकडं बसलेल्या माणसाला हे उसने पैसे वाटले, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण चार दिवसांसाठी खात्यात पैसे ठेवून ‘फंड दाखवण्याचा’ धंदा आपल्याकडं उघड चालतो. पण या घरात तसं काही नव्हतं. एक रक्कम कारखान्याच्या ऊसबिलाची, दुसरी केळीच्या व्यापाऱ्याची. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ते प्रत्यक्षात कधी येतं हे वाचकांना ठाऊक आहे, आणि येतं तेव्हा ठोक येतं. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून रिटर्न नाही. हे सारं उजनीकाठच्या शेंबड्या पोराला कळतं, ओटावात बसलेल्या अधिकाऱ्याला कसं कळावं? त्याला ते कुणीतरी लिहून सांगायला हवं होतं. सातबारा, आठ-अ, कारखान्याच्या काट्याच्या पावत्या, व्यापाऱ्याची बिलं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, या सगळ्याचं नोटरी केलेलं भाषांतर आणि वर दोन पानांचं खुलासापत्र: ही रक्कम या उसाची, ही त्या बागेची. एजंटानं यातलं काहीच जोडलं नव्हतं. त्याच्याकडं एक छापील नमुना होता, पगारदार बापाचा. त्यात त्यानं या शेतकऱ्याला बसवला.

याहून वाईट एक गोष्ट त्या फाईलमध्ये होती. कुटुंबाची मालमत्ता म्हणून जमिनीच्या मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लावलं होतं. त्यातली काही जमीन पुनर्वसनात मिळालेली, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ चा शेरा असलेली. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. प्रमाणपत्रात मात्र ती मोकळी, हवी तेव्हा विकता येईल अशी दाखवली होती. असली चूक उद्या कुणी ‘खोटी माहिती’ म्हणून धरली तर कॅनडात पाच वर्षं बंदी बसते, ब्रिटनमध्ये फसवणूक ठरल्यास दहा वर्षांपर्यंत. ती बंदी ज्याची सही आहे त्याच्यावर बसते. सही पोराची असते. पंजाबातल्या विद्यार्थ्यांना बनावट प्रवेशपत्रं देऊन कॅनडात पाठवल्याचं प्रकरण २०२३ मध्ये गाजलं, त्यातल्या एजंटाला २०२४ साली तिथल्या न्यायालयानं शिक्षा केली. तोवर कित्येक पोरांना मायदेशी धाडण्याच्या नोटिसा येऊन गेल्या होत्या.

व्हिसा लांबच, कित्येकांचं घोडं पासपोर्टवरच अडतं. आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाण्यावरून आणि ऊसदरावरून रस्त्यावर उतरावं लागतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी देण्याचा आदेश निघाला, जिल्हा पेटला आणि मे महिन्यात आदेश मागं घ्यावा लागला. अशा आंदोलनांत, रास्ता रोकोत पोरांवर गुन्हे दाखल होतात: रस्ता अडवला, जमावबंदी मोडली. पुढारी भाषण करून घरी जातात. पोरगा दोन-तीन वर्षांनी पासपोर्टचा अर्ज करतो आणि पोलीस पडताळणीत शेरा येतो. गावात लगेच निर्णय होतो, ‘याला आता जन्मात पासपोर्ट नाही’. मग कुणीतरी ‘मिटवून देतो’ म्हणून पैसे घेतं.

कायदा असा नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(फ) कोर्टात प्रलंबित असलेल्या फौजदारी प्रकरणाबद्दल बोलतं. नुसता गुन्हा नोंदला आहे, तपास चालू आहे, कोर्टानं अजून दखल घेतलेली नाही, तर त्याला प्रलंबित प्रकरण म्हणत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये तसं लेखी स्पष्ट केलं आहे. प्रकरण कोर्टात असलं तरी वाट आहे: २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याच कोर्टाकडं अर्ज करून परदेशी जाण्याची परवानगी मिळवायची. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एका वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जात मुदत मागायची. हे साधं वाक्य न लिहिल्यामुळं लोक दरवर्षी हेलपाटे घालतात. पासपोर्ट नाकारल्यावर अपील ३० दिवसांत. हा अर्ज करमाळ्याचा, माढ्याचा, इंदापूरचा कुठलाही कनिष्ठ वकील एका दुपारी तयार करू शकतो.

आखाताचा प्रकार निराळा. तिथं जाणारा बहुधा दहावीच्या आतला, म्हणून त्याच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो आणि नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. ती टाळायला एजंट त्याला फिरायच्या व्हिसावर पाठवतो. तिथं मालकानं पासपोर्ट काढून घेतला की हा माणूस कामगार म्हणून कुठल्याच कागदावर नसतो. नोंदणीकृत भरती एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. विनानोंदणी भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्यात शिक्षा किती? दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार! पण त्याच कायद्यात एक उपयोगाची गोष्ट आहे: खटल्यासाठी एरवी केंद्र सरकारची मंजुरी लागते, फसलेल्या माणसानं स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांनी, बायकोनं तक्रार केली तर ती लागत नाही.

आणि म्हाताऱ्यांचेही कागद येतात. मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, आईला कायमचं बोलावते आहे, आईच्या जन्माचा दाखला हवा. आईचं माहेर जुन्या गावठाणात, आता पाण्याखाली. ग्रामपंचायतीत नोंद नाही. इथं लोक हात टेकतात, किंवा पैसे देऊन नवा दाखला ‘बनवून’ घेतात. गरज नसते. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असतं, जन्माची नोंद कित्येकदा त्यात सापडते. नाहीच सापडली तर ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला, शाळेचा दाखला आणि माहितगार दोघांची प्रतिज्ञापत्रं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं विचारात घेतं. मात्र शाळेत गुरुजींनी सरसकट १ जून जन्मतारीख लावलेली असेल तर ती आधीच्या प्रत्येक कागदाशी ताडून घ्यावी.

‘परदेशाचा कायदा तालुक्याच्या वकिलाला काय कळणार?’ असं माझेच सहकारी विचारतात. सगळा कळायची गरज नाही. त्यानं पत्र वाचावं, तारीख पाहावी, पुढं अपील आहे की नाही ते सांगावं, इथले महसुली कागद नीट लावून द्यावेत, आणि तिकडचा सल्लागार तिथल्या यादीत आहे का ते पाहावं. कॅनडात पैसे घेऊन सल्ला देणारा वकील तरी असावा लागतो किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवानाधारक. ही यादी कुणालाही पाहता येते. काही वकीलही जिथं अपीलच नाही तिथं ‘अपील करतो’ म्हणून फी घेतात. त्यांना एजंटाहून वेगळं मानायचं कारण नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात विधी सेवेच्या व्याख्येतच ‘कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला’ येतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना उत्पन्न न पाहता, आणि बाकीच्यांना महाराष्ट्रात तीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असेल तर ही सेवा मोफत आहे. गावोगाव कायदेविषयक शिबिरं होतात, हुंडा, सायबर फसवणूक, बालविवाह यांवर बोललं जातं. पासपोर्ट आणि व्हिसा त्यांत का नसावेत? सोलापूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं पाणलोटाच्या प्रत्येक तालुक्यात या विषयाचा एक तरी पॅनेल वकील तयार करावा आणि महिन्यातला एक बाजाराचा दिवस जेऊरला, टेंभुर्णीला बसवावा. राज्य सरकारनं पंजाबसारखा एजंटांच्या परवान्याचा कायदा करावा. पंजाबनं तो २०१२ साली केला.

तोवर घरच्यांनी एवढं करावं. अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड पोराच्या मोबाईलवर असावा, कोऱ्या कागदावर सही देऊ नये, आणि नकाराचं पत्र आलं तर त्याच आठवड्यात ते घेऊन तालुक्याच्या कोर्टात यावं. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं आणि तिथल्या अर्जाला फी लागत नाही.