येडशीहून खोडद किती लांब?

पावसाळ्यात येडशीच्या रामलिंगला जमणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींना एक प्रश्न विचारून बघा. ‘नासा’ कुठंय? उत्तर लगेच येईल. मग विचारा, जीएमआरटी कुठंय? बहुतेक जण एकमेकांकडं बघतील. बार्शी-टेंभुर्णीच्या रस्त्यानं पुणं गाठायचं, पुढं नारायणगाव आणि तिथून खोडद. एका दिवसाच्या प्रवासावर जगातली एक नामांकित रेडिओ दुर्बीण उभी आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नाही.

मित्रांनो, ही दुर्बीण म्हणजे एक डिश नव्हे, तीस आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा अँटेना खोडदजवळ एकाच परिसरात आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर पसरल्यात. सगळ्यात लांबच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. एवढ्या लांब कशाला? कारण दुर्बिणीची नजर किती बारीक, हे तिच्या रुंदीवर ठरतं. एकटी डिश ४५ मीटर रुंद. पण सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरनं एका जागी आणून जुळवले की नजर २५ किलोमीटरच्या डिशसारखी होते, म्हणजे साडेपाचशे पट बारीक. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशाची वेगळी माहिती देते.

खरी गंमत पुढं आहे. या डिशना पत्र्याचा पृष्ठभाग नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे, छिद्रं १० ते २० मिलिमीटरची. आपल्याला ती चाळणी दिसते. पण २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब रेडिओलहरींसाठी ती भिंतच. लहर परत फिरते, वारा आरपार जातो. वाऱ्याचा जोर कमी, म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही कमी. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. १९६५ साली त्यांनी ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ छोट्या डिश कल्याणला उभ्या करून सूर्याची निरीक्षणं सुरू केली होती. तिथून उटी आणि पुढं खोडद. हाताशी आहे त्यात नीट विचार केला की काय उभं राहतं, हे त्यांनी दाखवलं. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या विश्वव्यापी गुंजनाचा पुरावा जगासमोर आला, त्यातही खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता.

आता आपल्याकडं बघू. अनेक कॉलेजांत २८ फेब्रुवारी म्हणजे रामन यांच्या फोटोला हार, दोन भाषणं, एक रांगोळी स्पर्धा आणि चहा. त्याच विज्ञान दिनानिमित्त खोडदला मोठं प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळा-कॉलेजांतली मुलं स्वतः केलेले प्रयोग घेऊन येतात, शास्त्रज्ञांना गाठून प्रश्न विचारतात. तिथं मोबाईल बंद ठेवावे लागतात, कारण आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण सिग्नलपुढं आपला फोन म्हणजे डीजेच!

‘तिथं जाऊन नोकरी लागणार का?’ हा प्रश्न घरचे विचारतील आणि तो चुकीचा नाही. सगळे काही खगोलशास्त्रज्ञ होणार नाहीत. पण असं यंत्र चालवायला इलेक्ट्रॉनिक्स लागतं, मेकॅनिकल लागतं, प्रोग्रॅमिंग लागतं, डिप्लोमावालेही लागतात. आणि काम आता दाराशी येतंय. हिंगोली जिल्ह्यात, आपल्याच मराठवाड्यात, लायगो-इंडिया होणार आहे. २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी सुमारे २६०० कोटी मंजूर केले. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’मध्येही भारत आहे. प्रकल्प मराठवाड्यात आणि शिकलेली माणसं सगळी बाहेरची, असं झालं तर नंतर कुरकुर करून उपयोग नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. यंदा प्राचार्यांकडं आत्ताच अर्ज द्या. प्रासंगिक करारावर एक एसटी ठरवा, वर्गणी काढा, एक प्रयोग तयार करा आणि खोडदला जा. ज्यांना जमणार नाही, त्यांनी खोडदहून १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश सर्वेक्षणाच्या प्रतिमा तरी बघाव्यात. त्या सगळ्यांना खुल्या आहेत, फुकट.

त्या तीस अँटेना एकमेकींपासून लांब आहेत म्हणूनच बारीक बघतात, पण फायबर तुटलं तर लांबची अँटेना नुसता लोखंडाचा सांगाडा. येडशी लांब आहे, यात कमीपणा काही नाही. जोडणी मात्र आपल्यालाच करावी लागेल.