ॲपने डेटा खरा होत नसतो, मंडळी

आमच्या आयटीवाल्या जमातीला एक जुना आजार आहे. शाळांच्या खोट्या आकड्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "अरे, एक पोर्टल करा, आधार जोडा, वर डॅशबोर्ड लावा. सगळं क्लीन!" काही क्लीन होत नाही.

2011 ची पटपडताळणी आठवते का? आधी नांदेडला तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांतली पोरं मोजली. तिथे जे निघालं ते बघून सरकारने 3 ते 5 ऑक्टोबरला अख्ख्या राज्यात मोजणी लावली. मी तेव्हा अमडापूरला शाळेत होतो (तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा. पुण्यात हे दरवेळी सांगावं लागतं). मतदानाला लावतात ती शाई बोटावर आली, याचंच आम्हाला कौतुक. मोठ्यांची मात्र चांगलीच धावपळ.

शाई कशाला? तर तेच पोरगं जीपमध्ये घालून दुसऱ्या शाळेत परत उभं करता येऊ नये म्हणून! मोजणाऱ्यांत शिक्षण खात्याबाहेरची, महसूलची माणसं. आणि सगळीकडे त्याच तीन दिवसांत. बास. ना सर्व्हर, ना लॉगिन. पटावर आहेत पण वर्गात नाहीत अशा पोरांचा आकडा पेपरात आला तो 20 लाखांच्या घरातला. काही खरंच आजारी असतील, काही ऊसतोडीला गेली असतील. पण 20 लाख?

यात मास्तर लोक वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, तुकड्या ठरतात, अनुदान ठरतं, पोषण आहाराचा तांदूळ ठरतो. दोन पोरं कमी भरली तर वर्षानुवर्षं गावात राहिलेला माणूस 'अतिरिक्त' होतो. आणि हा आकडा भरायचा कोणी? त्यानेच! आपल्याकडे डेव्हलपर स्वतःच 'टेस्ट पास' म्हणाला तर रिलीज होतं का? मग शाळेला वेगळा न्याय का?

पोरं मोजण्याचं जे, तेच शिकणं मोजण्याचं. मध्य प्रदेशात सरकारी चाचणीनंतर अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञाने त्याच मुलांची त्याच प्रश्नांवर बाहेरच्या माणसांकडून फेरतपासणी केली. सरकारी गुण भलतेच फुगलेले निघाले. आंध्रात टॅबलेटवर परीक्षा घेतल्यावर लबाडी बरीच घटली, हेही त्यांनीच दाखवलं. (घ्या, टेक्नॉलॉजी!) पण ती का घटली? उत्तरं मास्तरांच्या हातून जाईनात म्हणून.

'प्रथम'चा 'असर' 2005 पासून हेच साध्या कागदावर करतोय. गावाचे चार भाग, प्रत्येक भागात दर पाचवं घर, अशी 20 घरं. शाळेत नाही, घरी. ओसरीवर पोराच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा द्यायचा आणि वाचायला सांगायचं. वाचता आलं नाही तर घरच्यांच्या डोळ्यांदेखत कळतं. शिवाय काही गावांत दुसरा माणूस जाऊन पहिल्याचं काम तपासतो. त्यातून अमडापूरच्या एका शाळेचं काही कळत नाही, तो जिल्ह्याचा अंदाज आहे. पण विचारणाऱ्याला त्या उत्तरात काही कमवायचं वा गमवायचं नसतं.

आता पोर्टलची कथा. शालार्थ ही शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन व्यवस्था. 2025 मध्ये नागपूर विभागात तिच्यातच बोगस आयडी काढून पगार उचलल्याचं प्रकरण बाहेर आलं. उलट संच मान्यतेला आधार जोडलं, तर नावाच्या स्पेलिंगपायी वर्गात बसलेली खरी पोरं 'अवैध'! म्हणजे खोटा माणूस सिस्टिममध्ये आत आणि खरं पोरगं बाहेर.

असो. माझं मागणं छोटं आहे. पट असो वा निकाल, प्रत्येक आकड्याशेजारी दोन रकाने छापा: बाहेरच्या माणसाने किती ठिकाणी फेरतपासणी केली, आणि फरक किती निघाला. हे रकाने रिकामे असतील तर त्या आकड्यावर पीएचडी करू नका, बातमी करू नका आणि कृपा करून डॅशबोर्ड तर अजिबात करू नका. आणि पट घटला म्हणून लगेच मास्तरची बदली करू नका, नाहीतर पुढच्या वर्षीही तो 'दोन पोरं जास्त'च भरणार.