आंबिलीतला आंबटपणा वाचवा

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आणि आपल्याकडे नाचणी-ज्वारीला पुन्हा मान मिळाला. हॉटेलांच्या मेनूवरही आंबील आली. आनंदच आहे. पण तिथे आंबील म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ताकात पीठ कालवून तिथल्या तिथे शिजवलेलं असतं. पीठ रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी त्याला आलेला आंबूस वास ओळखायचा आणि मग चुलीवर चढवायचं, यातली पहिली पायरीच गळून पडते आहे. वाचवायची आहे ती हीच पायरी.

ज्वारी-नाचणीत फायटिक आम्ल असतं. ते लोह, जस्त, कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं हे आपण अभिमानानं सांगतो. त्यातलं शरीराला किती मिळतं, हे कुणी विचारत नाही. पीठ आंबताना धान्यातली आणि जिवाणूंची विकरं हे आम्ल तोडत जातात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. वाटीभर आंबिलीनं तो हटेल असं मी म्हणत नाही. पण घरातल्याच धान्यातलं लोह बिनखर्चात थोडं अधिक मिळत असेल, तर ते मुलांना का नाकारायचं?

शिवाय लॅक्टिक आम्लामुळे पिठाचा सामू चारच्या आसपास उतरला, की जुलाबाच्या बहुतेक जंतूंना तिथे वाढता येत नाही. नायजेरियात मक्या-ज्वारीची आंबवलेली ‘ओगी’ पिढ्यान्‌पिढ्या बाळांना भरवतात, ती उगीच नाही. याला फ्रिज लागत नाही, वीज लागत नाही, आणि ज्वारी भातापेक्षा कितीतरी कमी पाण्यावर येते.

मात्र खोटी जाहिरात नको. आंबील उकळली की त्यातले जिवाणू मरतात. ‘जिवंत जिवाणूंचं पेय’ म्हणून ती विकू नका. आणि बुरशी धरलेलं धान्य आंबवून शुद्ध होत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं.

कोल्हापुरात रेणुकेच्या आंबील यात्रेला आजही घरोघरचा आंबील-भाकरीचा नैवेद्य जातो. जे देवीला चालतं ते अंगणवाडीतल्या लेकरांना रोज का मिळू नये? बचत गटांनी हे काम मागून घ्यावं, ग्रामसभेनं तसा ठराव करावा. पीठ झाकून आंबवायचं, पूर्ण उकळायचं, ताजं वाढायचं, एवढी शिस्त आपल्या बायाबापड्यांना कुणी शिकवायला नको.

दुसरी मागणी पुण्याकडे. सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय संसाधन केंद्र तिथेच आहे. कोकणातल्या नाचणीच्या आणि माणदेशातल्या ज्वारीच्या आंबवणात कोणते जिवाणू नांदतात, त्याचे नमुने घरोघरून गोळा करून जपायला हवेत. एकेका घरातलं आंबवण थांबलं, की तिथला तो मेळ परत जमवणं सोपं नाही.

आणि ज्या आज्यांना, काकूंना ती भिजवण्याची वेळ, उन्हाळ्या-हिवाळ्यातला फरक, बिघडलेल्या पिठाचा वास कळतो, त्यांच्याकडे या उन्हाळ्यात जा. विचारा, लिहून घ्या, त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं पीठ भिजवा. लेकींनी शिकावं, लेकांनीही शिकावं.