‘गाडी लागली’ असे म्हणण्यापूर्वी

काळ्या कपाशीच्या जमिनीतील पांदण रस्त्याची पावसाळ्यात काय अवस्था होते, हे यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला सांगावयास नको. अशा वाटेवर चारही चाकांना ताकद पोहोचवणारी जीप किंवा थार मोठी उपयोगाची. शेतावरच्या घरातून आजी-आजोबांना दवाखान्यात आणण्याचे कामही बहुधा तिच्यावरच येते. अशा गाडीचा सायलेन्सर बदलण्याची हौस अनेक तरुणांना असते. मूळ डबा काढून पोकळ नळी बसवली जाते; दगडाला लागू नये म्हणून तिचे तोंड गाडीच्या पोटाखालीच संपवले जाते; कधी धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला जातो. घरात वाद होतो तो आवाजावरून. मी आज लिहितो आहे ते धुराविषयी.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात त्याचे प्रमाण अधिक असते. कन्व्हर्टर त्याचे बरेचसे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो. डिझेलच्या धुरात तो कमी, परंतु काजळी अधिक; दमेकऱ्यांना तीही बाधते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे मागचा पडदा किंवा दार उघडे असले, तर पोटाखाली सोडलेला धूर आत ओढला जातो. वृद्ध माणूस मागच्या बाकावर आडवा झालेला असेल, तर तो त्याच हवेत श्वास घेतो.

डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. आपण म्हणतो, ‘गाडी लागली’, ‘पित्त झाले’, ‘ऊन लागले’. हृदयविकार असलेल्यांना वायूच्या थोड्या प्रमाणानेही छातीत दुखू शकते. गाडीतील दोघा-तिघांना एकदम त्रास होणे किंवा खाली उतरल्यावर बरे वाटू लागणे, ही महत्त्वाची खूण समजावी.

येथे एक धोका काळजीवाहकांनी विशेष ध्यानात ठेवावा. करोनाकाळापासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत ते फसवते. वायूने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेले भासते, आणि रुग्ण गुदमरत असताना पडद्यावर ९८ हा आकडा दिसू शकतो. त्या आकड्यावर विसंबू नये. गाडी थांबवून इंजिन बंद करावे, रुग्णाला मोकळ्या हवेत न्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘धुराच्या गाडीतून आलो’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. निदान रक्ततपासणीने होते. साध्या हवेत हा वायू निम्मा होण्यास सुमारे चार ते पाच तास लागतात; मुखवट्यातून भरपूर प्राणवायू दिल्यास साधारण एक ते दीड तास.

आवाजाचाही प्रश्न आहेच. अवचित मोठ्या आवाजाने नाडी व रक्तदाब वाढतो, झोप मोडते. नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ध्वनी व धुराची मानके मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तरी नातवाशी बोलताना दंडाची भीती घालण्यापेक्षा मागच्या बाकावर कोण बसते, याची आठवण द्यावी. कन्व्हर्टर जागेवर असावा. नळीचे तोंड गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत यावे. जोडांतून धूर गळतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. गाडी चालू असताना मागचे दार व पडदा बंद ठेवून पुढच्या काचा उघडाव्यात. मात्र गळकी नळी दुरुस्त करण्याला हा पर्याय नव्हे. पडवीत किंवा आजोबांच्या खिडकीखाली इंजिन चालू ठेवू नये. एवढी तपासणी होईपर्यंत ज्येष्ठांना त्या गाडीत बसवू नये. दवाखान्याची वाट दुसऱ्या वाहनाने धरावी.