कुठे खाल, काय घ्याल, काय पाहाल?

परवा घरी आलेल्या एका रंगीत पुरवणीत कॅरिबियन समुद्राकाठच्या एका गावावर दोन पानं होती. कुठे खाल, काय घ्याल, काय पाहाल. अशा तीन चौकटी आणि बाकी सगळे फोटो. तळलेला मासा कुठल्या छपराखाली चांगला मिळतो, शंखांच्या माळा कुणाकडे स्वस्त, सूर्यास्त कुठून बघावा. सगळं वाचून संपवलं आणि लक्षात आलं, त्या गावात राहतं कोण हे मला अजून कळलेलंच नाही. ती माणसं कुठली भाषा बोलतात, मुलांना कुठल्या शाळेत घालतात, आपापसांत कशावरून भांडतात, याविषयी एक ओळ नव्हती. गावाचं नाव खोडून तिथे कळंगुट लिहिलं असतं तरी चाललं असतं. तळलेला मासा आहे, माळा आहेत, सूर्यास्त तर आहेच.

आपण गोंयकार असल्या मजकुरावर चिडतो. चिडायलाच हवं. साखळीची चैत्री पुनव, वास्कोचा दामोदर सप्ताह, गावोगावच्या देवळांतलं रात्रभर चालणारं भजन, धालो, जागर, यातलं काहीही त्या तीन चौकटींत बसत नाही. बसलंच तर चौथ्या, अगदी लहान चौकटीत, 'वेळ उरल्यास' म्हणून बसतं. ही आपली तक्रार मी व्यासपीठावरून अनेकदा मांडली आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. आज मात्र तीच तक्रार उलटी करून आपल्याच दारात ठेवायची आहे.

त्याआधी एक पुस्तक. जमैका किंकेड ही मूळची अँटिग्वा या कॅरिबियन बेटावरची लेखिका. तिचं 'अ स्मॉल प्लेस' हे छोटेखानी पुस्तक १९८८ साली आलं. पर्यटकाला समोर बसवून त्याला खडे बोल सुनावणारं ते पुस्तक आहे. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिली, पर्यटक ज्याला 'इथलं ताजं जेवण' समजून मिटक्या मारतो ते बहुतेक अमेरिकेतून, मायामीहून आलेलं असतं. दुसरी त्याहून बोचरी आहे. जगातला प्रत्येक स्थानिक माणूस कुठेतरी पर्यटक व्हायला तयारच असतो. कुणाला ते परवडतं, कुणाला परवडत नाही, एवढाच फरक.

आपल्याला परवडतं. बेळगावला जायला फार काही लागत नाही. साखळी, चोर्ला, जांबोटी अशी वाट धरली की तीन-साडेतीन तासांत आपण खडे बाजारात असतो.

आणि बेळगावात आपण काय करतो? लग्नाचा बस्ता बांधतो. गणपत गल्लीत घासाघीस करतो, शहापूर-वडगावच्या साड्या बघतो, कुंद्याचे डबे बांधून घेतो, मिळाले तर मांडे घेतो, दुपारी कुठे चांगलं मटण मिळतं त्याची चौकशी करतो आणि उजेड आहे तोवर घाट उतरतो. परत आल्यावर शेजारी विचारतात, "बेळगाव कसं आहे?" आपण सांगतो, "ट्रॅफिक वाढला हो, पण कुंदा एक नंबर." कुणी फारच रसिक असला तर पु. ल. देशपांड्यांच्या रावसाहेबांच्या ढंगात दोन वाक्यं म्हणून दाखवतो. झालं आपलं बेळगाव. कुठे खाल, काय घ्याल, काय पाहाल. कळंगुटला येऊन दिल्लीकर जे करतो त्याहून यात वेगळं काय आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता उचगावकडे वळतो. हे नाव गोव्यात फारसं कुणी घेत नाही, पण आपल्यापैकी अनेकजण त्याच्या फाट्यावरून शेकडो वेळा गेलेले असतात. पेडणे-बार्देशची मंडळी सावंतवाडी, आंबोली करून बेळगावला जातात तेव्हा शिनोळीला महाराष्ट्र संपतो आणि थोड्याच वेळात उचगाव फाटा लागतो. बेळगाव तिथून बारा-तेरा किलोमीटर. गाडीतल्या कुणाला तरी तोवर भूक लागलेली असते, म्हणून फाट्यावर कुणी वळत नाही. मीही अनेक वर्षं वळलो नाही.

वळलो तो कवी म्हणून आमंत्रण आलं तेव्हा. बेळगाव परिसरातली मराठी गावं दर हिवाळ्यात आपापली साहित्य संमेलनं भरवतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा, निलजी, खानापूर तालुक्यात माचीगड, तिकडे निपाणी भागात कारदगा. ही यादीदेखील पुरी नाही. एका जिल्ह्याच्या मराठी पट्ट्यात, खेड्यांतून, शेतकऱ्यांच्या वर्गणीवर इतकी संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी, पुढे टाळमृदंग, शाळेच्या मुलांचं लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. मग भाषणं, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन. दुपारी सगळ्या गावाला आणि पाहुण्यांना पंगतीत जेवण. सकाळी वैरण घालून आलेला माणूस मांडवात मांडी घालून अध्यक्षांचं तासाभराचं भाषण ऐकतो आणि मधे उठत नाही. पणजीतल्या आपल्या साहित्यिक कार्यक्रमांना पहिल्या दोन रांगा भरण्यासाठी फोन करावे लागतात, हे आठवून मी मान खाली घातली होती.

आणि तरीही मी काय केलं? कविता वाचली, शाल-श्रीफळ घेतलं आणि घाटात काळोख होईल म्हणून शेवटचं सत्र सुरू व्हायच्या आत निघालो. जाताना यजमानांना सहज म्हणालो, "बेळगावात कुंदा कुठला चांगला?" त्यांनी दुकान सांगितलं. मग हसत म्हणाले, "आमची बटाटी जात्यात की ओ तुमच्या गोव्याला. रताळी जात्यात. माणसं तेवढी येत न्हाईत." टोमणा म्हणून ते बोलले नव्हते, पण मला तो लागला.

बटाट्याचं त्यांनी म्हटलं ते अक्षरशः खरं आहे. बेळगावच्या पश्चिमेचा हा लाल मातीचा पट्टा. पावसाळ्यात भात, माळावर बटाटा आणि रताळी, थंडीत मसूर. आपल्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर जी भाजी मिळते तिच्यातली बरीचशी बेळगावच्या बाजारातून घाट उतरून येते. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये परदेशी पाहुण्याला 'गोवन' म्हणून जे ताट वाढतात, त्यातला टोमॅटो, कोबी, मिरची विचारा कुठली. अँटिग्वाला जसं मायामी तसं आपल्याला बेळगाव. फरक इतकाच की मायामी श्रीमंत आहे, आणि बेळगावचा शेतकरी आपल्या ताटात दिसतच नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून सीमेवर गाड्या अडल्या तेव्हा चार दिवस आपल्याला बेळगाव फार आठवलं. भाजी सुरू झाली आणि आठवण संपली.

"ते सगळं खरं, पण सीमाप्रश्न हा महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा. आपण त्यात कशाला?" हा आक्षेप मी गोव्यातल्या चांगल्या मराठी लेखकांकडून ऐकला आहे. त्यांना थोडा इतिहास आठवून द्यावा लागेल.

पोर्तुगिजांच्या काळात हद्दपारी आणि तुरुंग चुकवून आलेल्या आपल्या माणसांना आसरा कुणी दिला? नॅशनल काँग्रेस गोवाचं काम सीमेपलीकडून चालायचं त्यात बेळगाव हे मोठं ठाणं होतं. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात उतरलेल्या फौजेची जमवाजमव बेळगावला झाली. गोव्याच्या मुक्तीसाठी झटलेले बॅरिस्टर नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये बेळगावातच गेले, सीमाभागातल्या हुतात्म्यांना अभिवादन करणारं भाषण करून. तेव्हा बेळगावकरांनी "गोवा हा पोर्तुगालचा आणि भारताचा प्रश्न, आपण कशाला?" असं म्हटलं नाही.

आणखी एक तारीख. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूचे ३४,०२१ मतांनी हरले. माझ्या घरात त्या निकालाचं दुःख पुढे कितीतरी वर्षं होतं, तुमच्यापैकी काहींच्या घरात आनंद असेल. ते असो. मुद्दा असा की आपल्याला विचारलं गेलं. चिठ्ठी हातात मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावं असं त्यात म्हटलं गेलं. १९५६ पासून आजपर्यंत उचगावच्या एकाही माणसाला तशी चिठ्ठी मिळालेली नाही. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल काय लागावा यावर मी इथे बोलत नाही. ज्यांना कौल मिळाला त्यांनी, ज्यांना तो कधीच मिळाला नाही त्यांच्याकडे निदान पाहुणा म्हणून नीट जावं, एवढंच म्हणतो.

भाषेच्या बाबतीत तर आपण आणि ते एकाच बाकावर बसलेलो आहोत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला 'शासकीय कामासाठी वापरता येईल' अशी जागा मिळाली. पाट मिळाला, ताट मिळेल की नाही ते वाढप्यावर. आपण त्यावर अजून लेख लिहितो. बेळगावात मात्र १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं मेली. त्यांचं स्मारक वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलग्याला आहे. उचगावला जाताना वाटेतच लागतं. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' असा फलक पोलीस बंदोबस्तात पाडला गेला. २०२४ पासून दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा आहे. हे कन्नड भाषेशी भांडण नव्हे. बेळगावजवळच्या सुळेभावीत कानडी घरात जन्मलेले कुमार गंधर्व आपण आपलेच मानतो, आणि उचगावचा शेतकरी बाजारात कन्नड सहज बोलतो. भांडण आहे ते आपली भाषा आपल्या गावात वापरायला कुणाची परवानगी लागावी, याच्याशी. या भांडणात गोव्याचा मराठी लेखक कुठे आहे? कुंद्याच्या दुकानात.

काहीजण म्हणतील, मग उचगावलाच पर्यटनाच्या यादीत घाला ना, गावाला चार पैसे मिळतील. त्याचाही नमुना गावाने पाहिलेला आहे. मळेकरणी देवी ही इथली नवसाची देवी. मंगळवार-शुक्रवार तिचे वार. आमराईत नवस फेडायचा, मटणाचं जेवण घालायचं, ही रीत वर्षानुवर्षं चालत आली. नवस करणाऱ्या घराला त्यात देवी दिसते. पण शहरातून गाड्या भरून येणाऱ्यांतल्या कित्येकांना फक्त झाडाची सावली आणि रस्सा दिसला. सहलीला आल्यासारखे आले, जेवले, गेले. मागे राहिल्या पत्रावळ्या आणि बाटल्या. त्यावरून गावात वादही झाले. आणि शेजारच्या तुरमुरीच्या माळावर तर बेळगाव शहराचा कचरा येऊन पडतो. म्हणजे भाजी इथून शहराकडे आणि साली शहरातून इकडे. आपण शहरात जेवून जे टाकतो त्याचाही त्यात थोडा वाटा आहे. यादीत नाव गेलं की गावाला काय मिळतं ते कळंगुटच्या माणसाला नव्याने सांगायला नको.

तेव्हा त्या तीन चौकटी मी माझ्यापुरत्या पुन्हा भरल्या आहेत.

कुठे खाल? जानेवारीच्या आसपास या गावांची संमेलनं असतात तेव्हा मांडवात, पंगतीत. आमंत्रणाची गरज नाही. कुणी "कुठून आलासा?" विचारलं तर "गोव्याहून" म्हणून सांगा आणि ताटात काय काय येतं ते बघा.

काय घ्याल? मांडवातल्या पुस्तकांच्या टेबलावरून एक तरी पुस्तक, शक्यतो सीमाभागातल्या लेखकाचं. रताळी घ्यायची असतील तर रस्त्यालगतच्या शेतकऱ्याकडून घ्या, आणि तिथे घासाघीस करू नका. कुंदा घ्यायला माझी हरकत नाही, मीही घेणारच.

काय पाहाल? हिंडलग्याचं स्मारक पाहा. उचगावातली मराठी शाळा बाहेरून पाहा, मुलं असतील तर आत जाऊन बोला. तुरमुरीचा माळ पाहा. तिथून पुढे बसुर्तेवरून कोवाडला जा. 'स्वामी' लिहिणाऱ्या रणजित देसाईंचं ते गाव, चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मधे कुठेतरी राज्य बदलतं. कुठे बदललं ते मातीकडे, पिकाकडे किंवा माणसांच्या बोलण्याकडे बघून ओळखून दाखवा. मला जमलं नाही.

येत्या हिवाळ्यात मी पुन्हा उचगावला जाणार आहे, या वेळी श्रोता म्हणून. रात्री कुणाच्या तरी घरी मुक्काम करीन आणि घाट सकाळी उतरीन. गाडीत चार जणांची जागा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी कळवावं. मात्र आधीच सांगून ठेवतो, शेवटचं सत्र संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.