परत मागवलेले पार्ट विकणाऱ्यांना शेवटचा इशारा

जुन्या रोड बाइक विकणारे पुण्या-मुंबईतले दुकानदार, घरबसल्या दोन-चार सायकली इकडून तिकडे फिरवणारे हौशी दलाल आणि तसली सायकल घेऊन घाटात निघालेले आपले मित्र, या तिघांसाठी हा इशारा आहे. कंपनीने धोकादायक ठरवून परत मागवलेला पार्ट यापुढे तपासल्याशिवाय विकायचा नाही आणि तपासल्याशिवाय चालवायचाही नाही. मुदत आजपासून पंधरा दिवस. त्यानंतर आम्ही राइड काढणारे सायकलवाले काय करणार ते पुढे येईलच. आधी प्रकरण नीट समजून घ्या, म्हणजे 'आमच्यापर्यंत असं काही आलंच नाही' ही सबब उरणार नाही.

२०१३ साली स्रॅम या अमेरिकन कंपनीने रोड बाइकसाठी हायड्रॉलिक ब्रेक बाजारात आणले, रेड २२ आणि एस-७००. गिअर बदलायचा आणि ब्रेक दाबायचा तो एकाच लिव्हरवर, आणि तेलाचा मास्टर सिलिंडरही त्याच लिव्हरच्या पोटात. थोड्याच काळात ठरावीक सीरियल नंबरांचा माल परत मागवायची वेळ आली. पाठोपाठ डिसेंबरात, अमेरिकेत गोठवणाऱ्या थंडीत सायक्लोक्रॉसच्या शर्यती चालू असताना, काही ब्रेक एकाएकी गेले. मास्टर सिलिंडरचं सील दाब धरेना. लिव्हर दाबला तरी सायकल थांबेना. १३ डिसेंबरला कंपनीने तोवर बाजारात गेलेले सगळेच हायड्रॉलिक रोड ब्रेक परत मागवले, डिस्कचे आणि रिमचेही. कोणी जखमी झाल्याची नोंद तेव्हा नव्हती. तरीही सूचना 'जपून चालवा' अशी नव्हती, 'चालवूच नका' अशी होती.

'आपल्याकडे कुठे एवढी थंडी?' असं कोणीतरी म्हणणारच. पहिला माल या थंडीच्या तक्रारी येण्याआधीच परत मागवला होता, हे त्याने लक्षात ठेवावं. शिवाय मनाली-लेहच्या रस्त्यावर मराठी बोलणारे सायकलवाले काही कमी भेटत नाहीत, आणि तिथल्या खिंडींत पहाटे पारा शून्याखाली असतो.

ट्रेक या सायकल कंपनीचं प्रकरण २०१५ चं. २००० ते २०१५ या वर्षांच्या मॉडेलांपैकी पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेल्या सायकलींचा क्विक रिलीजचा दांडा १८० अंशांपलीकडे फिरत होता. तो नीट आवळलेला नसला किंवा सैल पडला, तर रोटरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या चकतीत, अडकून चाक जागच्या जागी थांबू शकतं किंवा निखळू शकतं. अमेरिका आणि कॅनडा मिळून दहा लाखांच्या आसपास सायकली परत मागवण्याच्या या फेऱ्यात आल्या. नोंदवलेल्या तीन अपघातांपैकी एकात स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले. तपासणी शाळकरी पोरालाही जमेल अशी आहे: सायकल उभी करा, दांडा पूर्ण उघडा आणि तो रोटरच्या बाजूला गोल फिरवा. दांडा आणि रोटर यांच्यामध्ये साधी पेन्सिल जात नसेल, म्हणजे फट सहा मिलिमीटरहून कमी असेल, तर तो दांडा बदलायलाच हवा. त्याच वर्षी पुढे आणखी तेरा कंपन्यांना अशाच दांड्यांसाठी सायकली परत मागवाव्या लागल्या. त्यामुळे 'माझी ट्रेक नाही' म्हणून निर्धास्त राहू नका.

आता पार्ट बनवणारी शिमानो. आपल्या रस्त्यांवर बहुधा हाच माल सगळ्यात जास्त असेल, म्हणून जरा सविस्तर. सप्टेंबर २०२३ मध्ये अल्टेग्रा आणि ड्युरा-एसच्या ११ स्पीडच्या क्रँक तपासणीसाठी बोलावल्या गेल्या, जगभरात सुमारे २८ लाख. या क्रँक दोन तुकडे चिकटवून केलेल्या. तो जोड सुटतो आणि क्रँक फाकते. उत्तर अमेरिकेत अशा ४,५१९ घटना आणि सहा जखमी नोंदले गेले. क्रँक उजवी असो की डावी, पेडल बसतं तिथे मागच्या बाजूला दोन अक्षरं कोरलेली असतात. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. केएफ म्हणजे जून २०१२, आरएफ म्हणजे जून २०१९. तुमची अक्षरं या दोहोंच्या दरम्यान असतील आणि मॉडेल एफसी-६८००, आर८०००, ९०००, आर९१०० किंवा आर९१००-पी असेल, तर सायकल अधिकृत विक्रेत्याकडे न्या. चिखल पुसून जोडावर नख फिरवा. चीर लागली किंवा जोर लावताना कटकट आवाज आला, तर तिथवरही चालवत नेऊ नका, गाडीत घाला. कंपनीने सरसकट क्रँक न बदलता फक्त जोड सुटण्याची चिन्हं दिसतील त्याच बदलायचं ठरवलं, हे आम्हाला पटलेलं नाही. आज पास झालेली क्रँक वर्षभराने पुन्हा दाखवा.

खरी गोम पुढेच आहे. कंपनीची सूचना जाते पहिल्या मालकाकडे. सायकल दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हाती गेली की कागद मागेच राहतो आणि पार्ट पुढे जातो. हे कळत असूनही कानावर हात ठेवणारे विक्रेते आमच्या नजरेत आहेत. त्यांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम ८६ वाचावं. वस्तू विकताना निर्मात्याने दिलेली धोक्याची सूचना ग्राहकाला सांगितली नाही आणि त्यापायी इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येते. 'सेकंडहँड मालाची गॅरंटी नाही' अशी पाटी लावून यातून सुटू असं कोणी समजू नये.

तेव्हा दुकानदारांनी पंधरा दिवसांत शोरूममधली आणि गोदामातली प्रत्येक रोड बाइक तपासावी. मॉडेल, दोन अक्षरं किंवा सीरियल नंबर आणि निकाल, एवढं बिलावर लिहून द्यावं. गेल्या काळात विकलेल्या सायकलींच्या मालकांना फोन करावेत. एवढं झालं नाही, तर सोळाव्या दिवशी आम्ही गिऱ्हाईक म्हणून दुकानात येऊ, बिल मागू, फोटो काढू आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू. कोणाला इजा झालेली आढळली, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. हौशी दलालांना आमच्या कुठल्याही राइडमध्ये जागा मिळणार नाही. आणि चालवणाऱ्यांनो, सिंहगडाच्या पायथ्याशी राइडच्या सुरुवातीलाच क्रँक आणि दांडा बघितला जाईल. तपासणी झालेली नसेल तर तिथूनच परत.

मुदत वाढवून मिळणार नाही.